पाच छिद्रे आणि पाच प्रश्न

आमच्या लहानपणी शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या माणसाचा मान त्याच्या टाक्यांच्या संख्येवरून ठरत असे. आमच्या एका आत्याबाईंस अकरा टाके पडले होते. पुढे पंधरा-वीस वर्षे घरात कोणाचे काही दुखले-खुपले की, "आम्हांला अकरा टाके पडले होते, पण आम्ही हूं की चूं केलं नाही," हे त्यांचे वाक्य ठरलेले असे. आणि ज्यास सहाच टाके पडले असतील तो बिचारा गप्प बसे. आता काळ उलटला आहे. आता जखम जितकी लहान तितका रुग्णाचा, त्याच्या शल्यवैद्याचा आणि बिल भरणाऱ्या चिरंजीवांचा मान मोठा. तीन वर्षांपूर्वी आमचे वडीलबंधू अण्णा यांच्या गुदाशयाचा कर्करोग दुर्बिणीच्या साहाय्याने काढण्यात आला, तेव्हा समाचारास येणाऱ्या प्रत्येकास आम्ही स्वतः मोठ्या अभिमानाने सांगत होतो, "काही नाही हो, नुसती पाच छिद्रं!" ऐकणाराही "वा! विज्ञान काय पुढं गेलंय!" असे म्हणून चहाचा पेला उचली, आणि विषय क्रिकेटकडे वळे. अण्णा मात्र पलंगावर पडल्या पडल्या छताकडे पाहत असत. एकदा पाहुणे गेल्यावर ते आम्हांस म्हणाले, "बापू, तू छिद्रं मोजतोस ती बाहेरून. मी आतल्या बाजूला राहतो."

या एका वाक्याने आम्हांस पुष्कळ विचार करावयास लावले. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विषय जरा अडचणीचा आहे, हे आम्ही जाणतो. शरीराच्या ज्या भागाविषयी लिहावयाचे त्याचे नाव सभ्य घरांत उच्चारीत नाहीत. त्या भागाच्या नित्यकर्मास आपल्या भाषेने किती पडदे शिवले आहेत ते पाहावे. कोणी परसाकडे जातो, कोणी बहिर्दिशेस; कोणी झाड्यास, तर कोणी शौचास. घरामागचे परस जाऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या, तरी परसाकडे जाणे काही सुटले नाही. संस्कृताचा अभिमानी त्यास दीर्घशंका म्हणतो, आणि इंग्रजी शिकलेला मनुष्य डॉक्टरपुढे आवाज खाली आणून 'मोशन' म्हणतो. शब्द निराळे, पडदा तोच. एरवी या पडद्याने कोणाचे नुकसान होत नाही; उलट शिष्टाचार सांभाळला जातो. पण पडद्याआड रक्त पडू लागले म्हणजे मात्र शिष्टाचाराची किंमत द्यावी लागते.

अण्णांस आठ महिने रक्त पडत होते. त्यांनी स्वतःच निदान करून टाकले, मूळव्याध. आपल्याकडे हे निदान करण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. घरोघरी कोणास तरी ती असतेच, आणि तिच्यावरील उपायही घरोघरी ठाऊक असतात. अण्णांनी तिखट सोडले, ताक वाढविले, रात्री इसबगोल घेतला, वहिनींकडून आठवड्यातून दोनदा सुरणाची भाजी करून घेतली. मध्यंतरी ते एका डॉक्टरांकडे जाऊनही आले. त्यांनी मलम लिहून दिले. तपासणी केली नाही. ती तपासणी म्हणजे हातमोजा घालून बोटाने करावयाची, मिनिटभराचे काम. आणि अण्णांची गाठ बोटास लागेल इतकी खाली होती, असे मागाहून कळले. पण अण्णा "नको, नको" म्हणाले, आणि डॉक्टरांसही ते सोयीचे वाटले असावे. दोघांच्या भिडेत आठ महिने गेले. आम्ही चार घरे सोडून राहतो. अण्णांनी संध्याकाळचे फिरणे सोडले हे आम्ही पाहिले होते. त्यांचे विजारीचे नाडे ढिले झाले हेही दिसत होते. आम्ही त्यास म्हातारपण हे नाव देऊन मोकळे झालो. तेव्हा दोष एकट्या डॉक्टरांच्या माथी मारण्याचा आम्हांस अधिकार नाही. कर्करोगाचे तज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत की, हा रोग आपल्या देशात तिशी-चाळिशीतल्या माणसांसही होतो, आणि मूळव्याध समजून त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे पुष्कळ लोक उशिरा येतात. अण्णा तर सहासष्ट वर्षांचे होते.

दुर्बीण घालून आत पाहिले, तुकडा काढून तपासला, एम. आर. आय. झाला. गाठ गुदद्वारापासून पाच-सहा सेंटिमीटरवर होती. मग आम्ही, वहिनी आणि अण्णा असे तिघे शल्यवैद्यांसमोर जाऊन बसलो. हे गृहस्थ वयाने आमच्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे होते. आम्ही प्राध्यापकी सवयीने प्रश्नांची यादी करून नेली होती. चीर केवढी? इस्पितळात दिवस किती? यंत्रमानवाकडून, म्हणजे रोबोटकडून, केल्यास बरे काय? खर्च किती? त्यांनी यादी ऐकून घेतली व म्हणाले, "सर, जखम केवढी ते सांगतो, पण त्याआधी काय काढायचं आहे ते समजून घ्या." आणि कागदाच्या पाठीवर त्यांनी एक आकृती काढली. अण्णांनी काहीच विचारले नाही. जिना उतरताना मात्र आमच्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "बापू, मला पुन्हा चार तास गाण्याला बसता येईल का रे?" अण्णांचे गाण्याचे वेड गावाला ठाऊक आहे. डिसेंबरातील सवाई गंधर्व महोत्सव त्यांनी तीस वर्षांत क्वचितच चुकविला असेल. आम्ही तत्काळ म्हणालो, "न यायला काय झालं!" ज्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ज्यांस ठाऊक होते ते वरच्या मजल्यावर बसले होते, त्याचे उत्तर आम्ही जिन्यावरच देऊन टाकले. आमच्या यादीत हा प्रश्न नव्हता. पुढे कळले की, सगळ्यांत महत्त्वाचा तोच होता.

शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार व्हावयाचे होते. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे, बरोबर औषधाच्या गोळ्या, आणि त्यानंतर गाठ आक्रसावी म्हणून काही आठवड्यांची वाट. एवढा अवकाश मिळाल्यावर पुस्तकी मनुष्य स्वस्थ बसत नाही. आम्ही या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचून काढला.

त्याचा सारांश असा. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये विल्यम अर्नेस्ट माइल्स नावाचे शल्यवैद्य होते. त्या काळी ही गाठ खालच्या बाजूने कापून काढीत. माइल्स यांनी आपल्या ५७ रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतील ५४ जणांचा रोग उलटला असल्याचे त्यांस दिसले. दुसरा एखादा ही टाचणे पेटीत घालून ठेवता. माइल्स यांनी ती छापली, आणि १९०८ साली नवी रीत मांडली: पोट उघडून वरून, आणि खालूनही, असा सगळा भाग, त्याच्याभोवतीच्या रसग्रंथींसह काढावयाचा. रोग आटोक्यात येऊ लागला. पण गुदद्वार कायमचे जाई, आणि पोटावर मलमार्ग करून त्याच्यासह जन्म काढावा लागे. पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये क्लॉड डिक्सन यांनी वरची गाठ असलेल्या रुग्णांत आतडे पुन्हा जोडून नैसर्गिक मार्ग राखता येतो, हे १९४८ साली शेकडो रुग्णांचा दाखला देऊन सिद्ध केले. तरीही एक कोडे उरले. गाठ काढल्यावर पुष्कळांचा रोग त्याच जागी, ओटीपोटाच्या तळाशी, पुन्हा डोके वर काढी.

ते कोडे उलगडले इंग्लंडातील बेसिंगस्टोक या लहान गावच्या रुग्णालयात. बिल हील्ड यांनी १९८२ साली असे मांडले की, गुदाशयाभोवती चरबीचे एक कवच असते. रोगाचे सूक्ष्म कण त्यात दडलेले असतात, आणि शल्यवैद्य घाईने ते कवच फाडून काही भाग मागे ठेवतात. हे कवच आणि ओटीपोटाची भिंत यांच्यामध्ये निसर्गाने एक पातळ फट ठेवलेली आहे. त्या फटीतून, डोळ्यांना स्पष्ट दिसेल असे, हळूहळू, धारदार शस्त्राने गेले की कवच अखंड निघते. हील्ड या फटीस 'पवित्र पातळी' म्हणत. तिच्या कडेनेच मूत्रविसर्जनाच्या व दांपत्यसुखाच्या मज्जातंतूंची वाट आहे. पाते जरा ढळले की त्यांस इजा. जेथे पूर्वी चारांतील एकाचा, कोठे त्याहूनही अधिकांचा, रोग त्याच जागी उलटत असे, तेथे हील्ड यांच्या हातून ते प्रमाण शेकडा दहाच्या आत आले. लक्षात घ्यावे की, येथपर्यंत ना दुर्बीण होती ना यंत्रमानव. पोटावर मोठी चीरच होती. रोग्याचे आयुष्य वाढविणारी जी सर्वांत मोठी सुधारणा, तिचा बाहेरच्या जखमेशी काही संबंध नव्हता.

दुर्बिणीचा प्रवाह निराळ्याच डोंगरातून निघालेला आहे. १९०१ साली जर्मन वैद्य गेओर्ग केलिंग यांनी हॅम्बुर्गच्या एका परिषदेत कुत्र्याच्या पोटात हवा भरून मूत्राशय पाहण्याच्या नळीने आत डोकावून दाखविले. पुढे ऐंशी वर्षे हे तंत्र मुख्यतः पाहण्यापुरतेच राहिले. १९८० साली कील येथे कुर्ट झेम यांनी अपेंडिक्स व १९८५ साली एरिख म्यूहे यांनी पित्ताशय या मार्गाने काढले. आमच्या मुंबईने या कामी फार वेळ दवडला नाही. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासूनच जे. जे. रुग्णालयातील गोरगरिबांच्या निदानासाठी ही दुर्बीण हाती घेतली होती, आणि १९९० साली त्याच रुग्णालयात भारतातील पहिले पित्ताशय दुर्बिणीतून काढले. श्रीमंती थाटाची म्हणून जिची ख्याती, ती विद्या या देशात सरकारी रुग्णालयाच्या दारातून आली, हे आम्हांस फार गोड वाटते.

पण पित्ताशय निराळे आणि गुदाशय निराळा. ओटीपोटाची जागा म्हणजे अरुंद गळ्याचा रांजण. पुरुषाचा तर अधिकच अरुंद. मोठी चीर घेतली तरी तळाशी दिसण्याची मारामार. दुर्बीण तेथे उजेड घेऊन उतरते आणि तंतू न् तंतू मोठा करून पडद्यावर दाखविते, हा तिचा खरा गुण. उलट, हातातील हत्यारे लांब व सरळ. छिद्रावर टेकलेली असल्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. मग प्रश्न आला: या लांब चिमट्यांनी हील्ड यांचे कवच अखंड निघते काय?

याचे उत्तर देण्यास जगातील शल्यवैद्यांनी पुष्कळ वर्षे खर्ची घातली. ८ देशांतील ३० रुग्णालयांत १०४४ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काहींची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून व काहींची पोट उघडून केली. २०१३ साली तिचे पहिले निष्कर्ष आले. दुर्बिणीने रक्तस्राव निम्म्यावर आला, ४०० मिलिलिटरचा २००. वेळ मात्र १८८ मिनिटांऐवजी २४० मिनिटे लागला. आणि रुग्णालयातील मुक्काम ९ दिवसांचा ८ झाला. पाच छिद्रांच्या सगळ्या कौतुकाचे हे माप: एक दिवस! २०१५ साली तीन वर्षांचा हिशेब निघाला. त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हींकडे सारखेच, शेकडा ५. सगळीकडे जयघोष व्हावा, तोच त्याच वर्षी अमेरिकेतून व ऑस्ट्रेलियातून दोन चाचण्यांचे निकाल आले. काढलेला भाग सर्वांगांनी निर्दोष असण्याचे प्रमाण अमेरिकेत दुर्बिणीने शेकडा ८१.७, उघड्याने ८६.९, ऑस्ट्रेलियात ८२ आणि ८९. दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेहून कमी नाही, हे काही त्यांस सिद्ध करता आले नाही. पुढे २०१९ साली त्याच रुग्णांचे दोन वर्षांचे आयुष्यमान पाहिले, तेव्हा दोन्ही बाजूंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

यंत्रमानवाचीही तीच गोष्ट. त्याच्या हत्याराला मनगट असते, म्हणून अरुंद जागी ते वळते. २०१७ साली १० देशांतील ४७१ रुग्णांच्या चाचणीत, मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण यंत्रमानवाने शेकडा ८.१ व साध्या दुर्बिणीने १२.२ आले, पण हा फरक निश्चयाने खरा म्हणावा इतका नव्हता. मग चीनमधील ११ रुग्णालयांतील मोठ्या चाचणीचा २०२५ साली निकाल आला. तीत तीन वर्षांत तेथेच रोग उलटण्याचे प्रमाण यंत्रमानवाने शेकडा १.६ व दुर्बिणीने ४ निघाले. मात्र दोन्हीकडचे शल्यवैद्य मुरलेले होते. उलट, गुदद्वारातून वर जाणारी एक नवी रीत निघाली, तेव्हा नॉर्वेमध्ये अपेक्षेहून अधिक जणांचा रोग लवकर उलटू लागला. तेथील वैद्यांनी ती रीत थांबविली व आपले आकडे जगापुढे ठेवले. माइल्स यांचा बाणा अजून जिवंत आहे, हे पाहून बरे वाटले.

इतके वाचून आम्ही पुन्हा शल्यवैद्यांकडे गेलो, आणि या खेपेस एकच प्रश्न विचारला, "आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?" ते हसले व म्हणाले, "सर, हा खरा प्रश्न." त्यांनी संख्या सांगितली, किती वेळा पोट उघडावे लागले तेही सांगितले. "मध्येच उघडावं लागलं तर ती माझी हार समजू नका. आत कवच फाटेल असं वाटलं तर मी जखम मोठी करीन, आग्रह लहान करीन." यंत्रमानवाचा खर्च लाखांनी अधिक होता. त्यावर ते म्हणाले, "माझा हात ज्यावर बसला आहे त्यानं मला करू द्या." आम्ही होकार दिला. ब्राझीलमधील अँजेलिता हाब्र-गामा या बाईंनी २००४ साली दाखवून दिले होते की, किरणोपचाराने गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या काही रुग्णांस शस्त्रक्रिया न करता, डोळ्यांत तेल घालून नुसते पाहत राहिले तरी चालते. अण्णांची गाठही विरघळावी अशी आम्ही आशा केली. ती लहान झाली, गेली नाही.

शस्त्रक्रिया पाच तास चालली. तपासणीचा कागद आला तो उत्तम: कवच अखंड, कडा स्वच्छ. आम्ही पाच छिद्रांची वार्ता गावभर केली. परंतु खरे सांगावयाचे तर छिद्रे पाच नव्हती. ओटीपोटावर चार बोटे रुंदीची एक चीर होती. काढलेला भाग बाहेर येणार तरी कोठून? आणि उजव्या बाजूस आतड्याचे तोंड बाहेर काढून तेथे पिशवी लावली होती. इतक्या खाली आतडे जोडले म्हणजे दहांत एकाच्या आसपास जोड गळण्याचे भय असते. तो मिळून येईपर्यंत मळ दुसऱ्या वाटेने काढावा, म्हणून ही तात्पुरती सोय. पाहुण्यांपुढे अण्णा त्यावर शाल पांघरीत. पहिले आठ दिवस त्यांनी तिकडे पाहिले नाही. पिशवी बदलण्याचे शिक्षण एका परिचारिकेने वहिनींस दिले; आणि चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पोटदुखीचा उल्लेखही खालच्या आवाजात करणाऱ्या वहिनी, दाराला कडी लावून, कात्रीने त्या पिशवीचे भोक मापाने कापू लागल्या. एके रात्री पिशवी गळली. अंथरूण भरले. अण्णा लहान मुलासारखे रडले. वहिनींनी चादर बदलली, पाणी तापविले, आणि म्हणाल्या, "मुलांचं केलं तेव्हा कधी वाईट वाटलं होतं का मला?" आम्ही पाच छिद्रांचे व्याख्याते, या प्रसंगाची हकीकत आम्हांस महिन्याने कळली.

चार महिन्यांनी पिशवी गेली, आतडे आत गेले, आणि आम्ही घरी सत्यनारायण घातला. अण्णा पूजेस दहा मिनिटे बसले, उठून गेले ते तासभर आले नाहीत. मग रोजच तसे होऊ लागले. दिवसातून बारा-चौदा वेळा जावे लागे. जाऊन आले की पाच मिनिटांत पुन्हा. आणि आले की एक क्षण दम निघत नसे. गुदाशय म्हणजे साठवणीची खोलीच. ती काढून टाकल्यावर माल ठेवावा कोठे? घराबाहेर पडणे सुटले. जेवण अर्ध्यावर आले. डिसेंबर आला, महोत्सवाचे तिकीट अण्णांनी काढलेच नाही. त्या दिवशी आम्ही त्यांस म्हणालो, "अण्णा, जीव वाचला हे काय थोडं झालं?" ते काही बोलले नाहीत. आम्ही आयुष्यात पुष्कळ मूर्खपणाची वाक्ये बोललो आहोत. पण परत घेण्याची सोय असती, तर प्रथम हे घेतले असते. जिन्यावर विचारलेल्या प्रश्नाचे खोटे उत्तर आम्ही दिले होते, आणि ते खोटे ठरल्यावर दोष अण्णांच्या कृतज्ञतेस देत होतो.

पुढल्या तपासणीच्या वेळी परिचारिकेने अण्णांच्या हाती एक कागद दिला. त्यावर पाच प्रश्न होते. वायू आवरत नाही असे होते काय? पातळ मळ नकळत गळतो काय? दिवसातून किती वेळा जावे लागते? गेल्यावर तासाभरात पुन्हा जावे लागते काय? इतकी घाई होते काय की धावत सुटावे? हे प्रश्न डेन्मार्कमधील वैद्यांनी शेकडो रुग्णांस विचारून, त्यांतून निवडून २०१२ साली सिद्ध केलेले आहेत. उत्तरांची बेरीज ४२ पर्यंत जाते आणि ३० वा त्याहून अधिक झाली म्हणजे त्रास मोठा समजावा. अण्णांची बेरीज त्याहून बरीच पुढे गेली. पण ते आकड्याकडे पाहतच नव्हते. तो कागद त्यांनी दोनदा वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "बापू, हे माझंच लिहिलंय रे! म्हणजे मी एकटा नाही!" ज्यास ते आपले गुपित, आपली लाज, आपली कृतघ्नता समजत होते, त्यास नाव होते, मोजमाप होते, आणि उपायही होते. आहारात बदल झाला, आतड्याची गती मंद करणाऱ्या गोळ्या ठरल्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकविला गेला, सकाळी पाण्याने आतडे धुऊन टाकण्याची युक्ती हाती आली. एका महिन्यात काही झाले नाही. दीड वर्षात बरेच झाले. बारा वेळांचे चारावर आले.

आम्हांस नवल वाटले ते तारखांचे. माइल्स यांनी उलटणारे रोग मोजले ते १९०८ च्या आधी. हील्ड यांनी कवच दाखविले १९८२ साली. आणि 'तुम्हांस धावत सुटावे लागते काय' हे मोजण्याचे साधे माप आले २०१२ साली. आयुष्य प्रथम मोजले गेले हे योग्यच झाले. मेलेल्या माणसास गाण्याला बसण्याची चिंता नसते. पण वाचलेल्यास असते. आणि शास्त्र जसजसे लोकांस वाचवू लागले तसतसे या पाच प्रश्नांचे महत्त्व वाढले. वर सांगितलेल्या युरोपीय चाचणीत रुग्णांस आपल्या जगण्याविषयीही विचारले होते. दुर्बिणीच्या व उघड्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत त्या बाबतीत विशेष अंतर दिसले नाही. दिसणार कसे? दार लहान होते की मोठे, आतील खोली दोघांचीही गेलेलीच होती. दुर्बिणीचे उपकार आम्ही नाकारीत नाही. अण्णा तिसऱ्या दिवशी चालू लागले, पोटाला पट्टा लागला नाही, रक्त चढवावे लागले नाही. सहासष्टाव्या वर्षी हा लाभ हलका नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, छिद्रे मोजून झाली म्हणजे समाचार पुरा झाला असे कोणी समजू नये.

गेल्या डिसेंबरात अण्णा महोत्सवास गेले. मंडपात शिरताच त्यांनी प्रथम पाहिले ते स्वच्छतागृह कोठे आहे, आणि मग रांगेच्या कडेची खुर्ची धरली. दुपारपासून त्यांनी भात व ताक एवढेच घेतले होते. मध्ये ते दोनदा उठले. दुसऱ्यांदा उठले तेव्हा विलंबित ख्याल रंगात आला होता, परतून आल्यावर त्यांनी कानाशी लागून विचारले, "काय चुकलं माझं?" आम्ही सांगितले, "एक सुरेख समेवर येणं." ते म्हणाले, "असो. पुढची सम तर आहेच."

आता ते पुन्हा संध्याकाळी फिरावयास जातात. बागेतील बाकावर त्यांचे पाच-सात समवयस्क स्नेही बसतात. तेथे पूर्वी राजकारण चाले. हल्ली अण्णांनी एक नवाच विषय काढला आहे. चार लोकांत, आवाज मुळीच न उतरवता, ते विचारतात, "परसाकडे रक्त पडतं का कुणाला? सवय बदलली आहे का? मग मूळव्याध म्हणून बसू नका, तपासून घ्या." पहिल्या दिवशी दोघे उठून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांतलाच एक गृहस्थ, निवृत्त अधिकारी, परत आला आणि अण्णांस बाजूला घेऊन काही कुजबुजला. दुसऱ्या दिवशी अण्णाच त्यास घेऊन गेले. बोटाने तपासणी झाली, आठवड्याने दुर्बीण घालून आतही पाहिले. पुढच्या शनिवारी ते गृहस्थ बागेत आले ते हातात मिठाईचा पुडा घेऊनच. मूळव्याध असल्याबद्दल पेढे वाटणारा मनुष्य आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. अण्णांनी दोन पेढे घेतले. आणि मग, काहीसा विचार करून, एक परत पुड्यात ठेवला.